खुबा दुखत नाही, पण वाटीमागचं हाड विरतंय: थांबायचं की लायनर बदलायचा?

वाचकाचा प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या ६१ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही. रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा खराब झाला, म्हणून २००५ साली त्यांचा उजवा खुबा बदलला. धातूचा २८ मिलिमीटरचा गोळा, स्क्रूने बसवलेली धातूची वाटी आणि वाटीच्या आत प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे लायनर, असा तो सांधा आहे. त्यानंतर त्यांनी भातशेती केली, घर सांभाळलं, तीनदा पायी वारी केली. दुखत नव्हतं म्हणून २०१४ नंतर तपासणीला गेल्या नाहीत. अलीकडे घसरून पडल्या तेव्हा एक्स-रे निघाला. पडल्याने काही मोडलं नव्हतं, पण रिपोर्टमध्ये दोन गोष्टी आल्या: गोळा वाटीत ३ मिलिमीटर वर सरकला आहे आणि वाटीच्या मागे-वर हाड विरल्याची सुमारे दोन सेंटिमीटरची जागा दिसते. बेळगावच्या डॉक्टरांनी लायनर लवकर बदलायला सांगितलं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळा सांधाच नवा बसवून टाकू. दीर म्हणतात, शरीराने सांधा नाकारला. जाऊबाईंना कर्करोगाची धास्ती आहे. दिवाळीनंतर मुलीचं लग्न आहे. ताई विचारतात, ‘काहीच दुखत नसताना पुन्हा चिरफाड का करून घ्यायची? मी जास्त चालले म्हणून हे झालं का? गोळ्या-औषधांनी हाड भरून येणार नाही का?’

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध वाटतं, पण तसं ते नाही. दोघांच्या हातात एकच फिल्म होती. ती आजची स्थिती दाखवते; हाड किती वेगाने जातंय ते एका फिल्मवरून कळत नाही. एकाने धोका धरून सल्ला दिला, दुसऱ्याने वेग बघायचं ठरवलं. त्यामुळे कोणत्या डॉक्टरांचं ऐकायचं, यापेक्षा कोणती माहिती अजून हाती नाही, ते आधी पाहू.

दिरांच्या शंकेचं आधी बोलते. मूत्रपिंड बदलल्यावर शरीर ते परकं म्हणून नाकारतं, तसं इथे झालेलं नाही. वीस वर्षं तुमच्या हाडाने ती वाटी धरून ठेवली आहे. शरीराचा झगडा वाटीशी नाही, प्लास्टिकच्या पुडीशी आहे. चालताना धातूचा गोळा लायनरवर घासतो आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. तुमच्याच आकड्यांवरून हिशोब मांडू. २८ मिलिमीटरचा गोळा ३ मिलिमीटर आत गेला, म्हणजे साधारण १,८०० घन मिलिमीटर प्लास्टिक झिजलं. अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. सुरुवातीच्या वर्षात प्लास्टिक थोडं दबून बसतं, तेवढा भाग खरी झीज नसतो, म्हणून प्रत्यक्षातली पूड याहून थोडी कमीच. पण एकेक कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्याशा पुडीत किती कण होतात याचा हिशोब केला तर एकेका पावलाला काही लाख कण येतात.

हे कण सांध्यातल्या द्रवात मिसळतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा गिळून पचवणं हे त्यांचं काम. प्लास्टिकचा कण त्या गिळतात, पण तो पचत नाही. लायनरचं हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, मोडण्याचं साधन आपल्या शरीरातल्या कोणत्याच पेशीकडे नाही. पेशी चिडते आणि मदतीला हाका मारते, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडते. त्या हाकांनी आणखी मॅक्रोफेज गोळा होतात, आणि रँक-एल नावाच्या दुसऱ्या एका इशाऱ्याने ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी. निरोगी हाडातही त्या असतात, पण त्यांच्या मागोमाग नवं हाड घालणाऱ्या पेशी येत असतात. इथे त्या दुसऱ्या पेशींचं कामही मंदावतं. हाडाच्या जागी मऊ, तंतुमय, कणांनी भरलेलं ऊतक साठतं. तुमच्या रिपोर्टमधला ‘ऑस्टिओलायसिस’ तो हाच.

कणाच्या आकाराने फरक पडतो. ०.१ ते १ मायक्रॉनचे कण सर्वांत त्रासदायक, कारण मॅक्रोफेजला नेमके तेवढेच गिळता येतात. दहा मायक्रॉनहून मोठा तुकडा एका पेशीच्या आवाक्यात येत नाही. अनेक पेशी एकत्र येऊन त्याला वेढतात आणि गोंगाट तुलनेने कमी होतो. म्हणून दिसण्याजोगा मोठा तुकडा पडला नाही, हे इथे समाधानाचं कारण नव्हे.

आता हे वाटीच्या मागेच का झालं? सांध्यातला द्रव प्रत्येक पावलाला दाबला जातो आणि वाट मिळेल तिकडे शिरतो. वाटीला स्क्रूसाठी भोकं असतात. लायनर आणि वाटी यांच्यातल्या फटीतून, त्या भोकांतून, स्क्रूच्या कडेने द्रव कण घेऊन थेट हाडात जातो. बाकीच्या जागी हाड वाटीला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून वाटी हलत नाही. हलत नाही म्हणून दुखत नाही. भिंतीतली खुंटी घट्टच असावी आणि मागची माती पोखरली जावी, अशी ही अवस्था आहे.

‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’ हे तुमचं गृहीत इथेच तपासून बघायला हवं. कणांमुळे होणारी हाडाची हानी बराच काळ मुकी असते. वाटी सैल झाली, हाडाला तडा गेला किंवा लायनर आरपार झिजून धातू धातूला घासू लागला की मग दुखतं, आणि तोवर ज्या हाडात नवी वाटी रोवायची तेच उरलेलं नसतं. आज नुसता लायनर बदलून भागण्याची शक्यता आहे. आणखी काही वर्षांनी कदाचित ओटीपोटाच्या हाडातली पोकळी भरणं, सच्छिद्र धातूची मोठी वाटी, आधाराचे जादा तुकडे, चार-पाच स्क्रू असं काम निघेल. डॉक्टर घाई करतात ती वेदनेसाठी नव्हे, उरलेलं हाड राखण्यासाठी.

पण उलट टोकही बरोबर नाही. उद्याच भरती व्हायला हवं अशी ही तातडी नाही. काही आठवडे नीट तपासणीत गेले तर नुकसान होत नाही. तपासणी न करता वर्षं गेली तर होतं.

‘मी जास्त चालले म्हणून झालं का?’ या प्रश्नात अपराधीपणा आहे, तो सोडून द्या. झीज वर्षांवर नाही, वापरावर अवलंबून असते हे खरं. पण सांधा बदलला तो चालण्यासाठीच, आणि तुम्ही शेत केलंत, वारी केलीत, म्हणजे त्या शस्त्रक्रियेचं सार्थक झालं. झीज ठरवणाऱ्या इतर अनेक गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या: प्लास्टिक कसलं होतं, निर्जंतुक कसं केलं होतं, वाटी किती कलली होती, गोळ्यावर ओरखडे होते का. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बरेच लायनर हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्याने प्लास्टिकमध्ये मोकळे रेणू राहत, ते प्राणवायूशी संयोग पावत आणि प्लास्टिक ठिसूळ होई. पुढे ती पद्धत बदलली आणि दशकाच्या अखेरीस क्रॉसलिंक्ड, म्हणजे रेणू एकमेकांना सांधलेलं, पॉलिएथिलीन आलं. ते फार कमी झिजतं. पण २००५ साली जुन्या प्रकारचे लायनरही वापरात होते. तुमची झीज वर्षाला सरासरी ०.१५ मिलिमीटर पडते. ०.१ च्या वर गेलं की ऑस्टिओलायसिसचा धोका वाढतो आणि ०.०५ च्या खाली तो क्वचितच दिसतो, हा या क्षेत्रातला रूढ अंदाज आहे. त्यावरून तुमचा लायनर जुन्या प्रकारचा असावा असं वाटतं. खात्री मात्र कागदावरूनच होईल.

चूक झाली असेल तर एकच, २०१४ नंतर फोटो न काढल्याची. त्यातही निम्मा दोष पद्धतीचा आहे. ‘दुखलं तर या’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. या आजारात तो सल्लाच अपुरा आहे.

या आजाराच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचेही अंदाज चुकलेले आहेत, हे घरच्यांना सांगण्याजोगं आहे. इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियातज्ज्ञ जॉन चार्नली यांनी १९५८ पासून टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या दोन-तीन वर्षांतच झिजल्या आणि पुडीभोवती गाठी झाल्या. त्यांनी टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून पाहिले, आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीन वापरायला घेतलं. पुढे तिथेही हाड विरताना दिसलं तेव्हा बोट सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटकडे गेलं. १९८७ साली तर ‘सिमेंटचा आजार’ असं नावच छापून आलं. मग सिमेंटविना सांधे बसवले, तरी हाड विरतच राहिलं. वास्तविक विलर्ट आणि सेमलिच या दोन संशोधकांनी १९७७ सालीच दाखवून दिलं होतं की झिजेचे कण साठले आणि ते वाहून नेण्याची ऊतकांची ताकद संपली की ही प्रतिक्रिया सुरू होते. तज्ज्ञांनाही खरं कारण मान्य करायला वेळ लागला. तुमच्या दिरांचा अंदाज चुकला तर त्यात त्यांचा कमीपणा नाही.

जाऊबाईंना सांगा, प्लास्टिकच्या कणांनी होणारी ही गाठ कर्करोगाची नसते. सांधा बदललेल्या लोकांच्या मोठ्या नोंदींमध्ये एकूण कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही. घोटाळा ‘स्यूडोट्यूमर’ या शब्दाने होतो. रिपोर्टमध्ये तो दिसला की घर हादरतं. तो अशा कणांच्या प्रतिक्रियेतून झालेल्या गाठीसाठीच वापरतात. मात्र झपाट्याने वाढणारी किंवा वेगळीच दिसणारी गाठ असेल तर डॉक्टर तिचा तुकडा तपासायला पाठवतात, आणि पाठवायलाच हवा.

आता करायचं काय.

पहिलं काम घरातच आहे. जुने सगळे एक्स-रे शोधा, विशेषतः ऑपरेशननंतर लगेच काढलेला आणि २०१४चा. आजच्या एका फिल्मपेक्षा या तीन फिल्म शेजारी ठेवल्या की डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. खानापूरच्या पावसाळ्यात फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत एकमेकींना चिकटतात, त्यांना बुरशी धरते. चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका, तशाच घेऊन जा. नव्या फिल्म कागदी पाकिटात उभ्या ठेवा आणि प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढून मुलाकडे पाठवून ठेवा. त्यांच्यासोबत शोधा २००५चं डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर चिकटवलेले इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या सांध्याचे, स्टिकर. त्यांवर कंपनी, वाटीचा आकार, लायनरचा प्रकार आणि लॉट नंबर असतो. स्टिकर नसेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. कागद जपण्याचं नियमाचं बंधन तीन वर्षांचंच आहे, त्यामुळे मिळतीलच असं नाही. तरी शस्त्रक्रिया विभागाच्या नोंदवहीत कंपनीचं नाव सापडू शकतं. हे स्टिकर इतकं महत्त्वाचं का? वाटी तशीच ठेवून लायनर बदलायचा तर त्याच वाटीत बसणारा लायनर लागतो, आणि वीस वर्षांपूर्वीचं मॉडेल कंपनीने बंद केलेलं असू शकतं.

दुसरं काम सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेमध्ये वाटीचा धातू मागचं हाड झाकतो. त्यामुळे पोकळी असते त्याहून लहान दिसते. काही वेळा दिसतच नाही. दोन सेंटिमीटर हा तुमचा आकडा कमीत कमी धरून चाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, की धातूमुळे येणारे पट्टे कमी करणारी पद्धत वापरावी आणि पोकळीचं आकारमान, वाटीच्या कडेचं हाड, मागचा खांब (वाटीला मागून आधार देणारं हाड) यांबद्दल रिपोर्ट द्यावा. नुसतं ‘खुब्याचा सीटी’ लिहिलं तर पट्ट्यांनी भरलेलं चित्र हाती येतं आणि पैसे वाया जातात. बेळगाव, मिरज, कोल्हापूर कुठेही करा, पण चित्रांची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना कागदी रिपोर्टपेक्षा तिचा उपयोग जास्त.

तिसरं, जंतुसंसर्ग नाही याची खात्री. मंद संसर्गातही हाड असंच विरतं आणि एक्स-रे जवळपास सारखा दिसतो, उपचार मात्र पूर्ण वेगळा. सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या आधी. त्या वाढलेल्या असतील किंवा शंका असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. त्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ३,०००च्या वर आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल ८० टक्क्यांच्या वर असतील तर संसर्गाकडे संशय जातो. इथे एक कळकळीची विनंती आहे. खोकला-ताप म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेण्याची आपल्याकडे सवय आहे. पाणी काढण्याआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक पोटात नसावं, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू उगवत नाही आणि संसर्ग नाही असं खोटं समाधान मिळतं. घेतलं असेल तर लपवू नका, तारीख सांगा.

एवढं हाती आलं की तुमच्या दोन डॉक्टरांमधलं अंतर बहुधा आपोआप कमी होईल.

थांबण्याचा पर्याय कधी योग्य? पोकळी लहान आहे, २०१४च्या तुलनेत फारशी वाढलेली नाही, लायनरची पुरेशी जाडी शिल्लक आहे, वाटी घट्ट आहे. अशा वेळी सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने एक्स-रे, मग वर्षाला एक, आणि गरजेप्रमाणे सीटी. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली नसेल तर तो पर्याय निवडू नका.

लायनर बदलण्याचा पर्याय कधी? पोकळी वाढते आहे किंवा मोठी आहे, लायनर पातळ झाला आहे, पण वाटी हाडाला घट्ट धरून आहे, योग्य कोनात आहे आणि लायनर अडकवण्याची खाच शाबूत आहे. यात जुना लायनर आणि गोळा काढतात, कणांनी भरलेलं ऊतक खरवडतात, पोहोचता आलं तर पोकळीत हाडाचा चुरा भरतात आणि क्रॉसलिंक्ड लायनर व नवा गोळा बसवतात. जुळणारा लायनर बाजारात नसेल तर वाटीच्या आत नवा लायनर सिमेंटने चिकटवता येतो. त्यासाठी वाटीचा आतला व्यास पुरेसा लागतो. कणांचा पुरवठा थांबला की पोकळी वाढायची थांबते, पुष्कळदा आकसते. वर्णन वाचून तुमचं प्रकरण याच गटात बसेल असं वाटतं, आणि सीटीने तसंच दाखवलं तर माझा कौल लायनर बदलण्याकडे आहे. पण याची एक ठळक गुंतागुंत आधीच माहीत हवी: सांधा निखळणे. या छोट्या वाटणाऱ्या ऑपरेशननंतर तो धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, कारण सांध्याभोवतीचं आवरण पुन्हा उघडलं जातं. शक्य असेल तिथे आधीपेक्षा मोठा गोळा बसवतात तो यासाठीच.

मुलाचा ‘सगळंच नवं’ हा आग्रह प्रेमापोटी आहे, पण गोळ्याखालचा, मांडीच्या हाडात घट्ट रोवलेला दांडा काढायचा म्हणजे ते हाड चिरावं लागू शकतं. सैल झालेलाच भाग बदलावा. वाटी सैल असेल, तिचा कोन चुकीचा असेल किंवा खाच मोडली असेल तर वाटी बदलणं आलं. दांड्याभोवती काही नसेल तर त्याला हात लावू नये.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. लायनर किती जाड उरला आहे? दांड्याभोवतीचं हाड कसं आहे? माझ्या वाटीत बसणारा लायनर मागवला आहे का, की सिमेंटने बसवणार? उघडल्यावर वाटी सैल निघाली तर पूर्ण वाटीचा संच त्या दिवशी टेबलापाशी असेल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लायनरपुरती तयारी करून उघडलं आणि वाटी हलली, तर अर्ध्यावर थांबण्याची वेळ येते. ऊतकाचे निदान पाच नमुने कल्चरला आणि एक सूक्ष्मदर्शक तपासणीला जाणार आहेत का, हेही विचारा. अशी दुबार ऑपरेशनं ते नेहमी करतात का, असं विचारण्यात अपमान नाही. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी ते मराठीतून समजावून मागा. तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

खर्चाचं थोडक्यात. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे. तातडीचं नसलेल्या ऑपरेशनला सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, म्हणून सुरुवात तालुका रुग्णालय किंवा बेळगावच्या सिव्हिलपासून करा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय केला. कोल्हापूर-मिरजेकडे जायचं ठरलं तर तुमचं गाव यादीत आहे का आणि दुबार ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या.

गोळ्यांबद्दल आशा लावून ठेवत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर घ्या, बाकीच्या हाडांना उपयोग होईल, पण ही पोकळी त्याने भरत नाही. हाडं ठिसूळ होण्यावरची बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं इथे उपयोगी पडतात असं सिद्ध झालेलं नाही. कोणतंही चूर्ण किंवा काढा प्लास्टिकचा कण पचवू शकत नाही. आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघतं आणि ते संसर्गाला वाट देतं. हाडवैद्याकडून पाय ओढून किंवा पिळून घेऊ नका. पातळ झालेलं हाड तेवढ्याने मोडू शकतं.

निर्णय होईपर्यंत चालणं बंद करू नका. स्नायू सुकले की पुढचं ऑपरेशन जड जातं. पण डोक्यावर भारे, उड्या, उकिडवं बसून रोपलावणी आता नको. पडणं टाळणं हे तुमचं आत्ताचं मुख्य पथ्य. ओल्या बांधावर जायचंच तर पकड असलेले बूट आणि हातात काठी. काठी डाव्या हातात धरा, म्हणजे उजव्या खुब्यावरचा भार कमी होतो. त्याच बाजूला धरली तर तो फायदा हातचा जातो. बसमध्ये चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. यंदाची वारी पायी नको, मिरजेवरून रेल्वेने पंढरपूर गाठा. पुढच्या वारीचं सीटी आणि ऑपरेशननंतर ठरवू. नवा लायनर बसल्यावर चालणं कायमचं बंद होतं असं मुळीच नाही.

लग्नाचं म्हणाल, तर ऑपरेशन आणि लग्न यांत तीन महिन्यांचं अंतर हवं. पहिले सहा ते बारा आठवडे खाली बसणं, मांडी घालणं, पाय एकमेकांवर टाकणं, खुबा काटकोनापलीकडे वाकवणं वर्ज्य असतं, कारण निखळण्याचा धोका याच काळात जास्त. पाटावर बसून विधी करणं तेव्हा जमणार नाही. खाट, कमोड खुर्ची आणि उंच बैठकीची खुर्ची घरी आधी आणून ठेवावी लागते. सीटीमध्ये घाई करण्यासारखं काही नसेल तर लग्न उरकून लगेचची तारीख घ्या, आणि ती तारीख आजच पक्की करा. लायनर अगदी पातळ निघाला तर मात्र लग्नाची वाट बघू नका. दरम्यान जांघेत नव्याने दुखू लागलं, उठल्यावर पहिल्या चार पावलांना कळ आली, पाय आखूड वाटला किंवा सांध्यातून करकर ऐकू आली, तर ठरलेल्या तारखेआधी दाखवा. मांडीत एकाएकी कळ येऊन पाय टाकताच आला नाही, तर पाय न हलवता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

हेच वाचणाऱ्या इतरांसाठी. गुडघा बदललेल्यांनाही हा आजार होतो. तिथे प्लास्टिकच्या वरच्या पृष्ठभागाबरोबर खालचा, धातूच्या ताटलीवर टेकणारा पृष्ठभागही झिजतो. खुबा असो वा गुडघा, पहिल्या वर्षी, मग सातव्या वर्षाच्या आत, आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एक एक्स-रे काढावा, दुखो वा न दुखो. ज्यांचा गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे आहेत त्यांची गोष्ट निराळी. तिथले कण प्लास्टिकच्या कणांपेक्षाही बारीक असतात, त्यांतून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरतं, लिम्फोसाइट पेशी गोळा होतात आणि हाडाआधी स्नायूच खराब होऊ शकतात. अशा सांध्यांपैकी एएसआर हा प्रकार कंपनीने ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत घेतला. तुमचा खुबा त्या सुमाराचा आणि धातू-धातूचा असेल तर दरवर्षी तपासणी करा आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम मोजून घ्या. ब्रिटनच्या नियामकांनी लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही पातळी अधिक तपासणीसाठी धरली आहे. रक्त देताना सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत घेताहेत ना, ते बघा. साध्या नळीतून धातूचा अंश मिसळला तर आकडा उगाच वाढतो, आणि पुन्हा रक्त द्यावं लागतं.